ठसा खाणारं दुकान

दोन टिंबांची कात्री आली की सुरय्या आधी ठसा खायची, मग धार लावायची.

हे तिला बापानंच शिकवलं होतं. भद्रकालीतल्या त्यांच्या दुकानात जिल्ह्यातल्या शिंप्यांच्या कात्र्या धारेला येतात. कात्रीच्या पात्यावर, खिळ्याच्या जरा वर, बनवणाऱ्याचा ठसा असतो. यांच्या दुकानाचा ठसा चांदाचा. पण वर्षाकाठी तीन-चार कात्र्या अशा यायच्या की त्यांच्यावर चांद नसायचा, शेजारी-शेजारी दोन टिंबं असायची. जुन्या, जाड, वजनदार कात्र्या. "नकली माल," तिचे वडील मुस्तकीम म्हणायचे. "आपली नक्कल करून कुणीतरी चोरानं विकलेला. गिऱ्हाइकाला काही बोलायचं नाही, उगाच वाद. चाकावर धरायची, टिंबं घासून टाकायची. धार मात्र चोख लावून द्यायची, त्यात गिऱ्हाइकाचा काय गुन्हा?"

बापाचा हात थरथरायला लागल्यापासून, म्हणजे वीस वर्षं, चाकावर सुरय्याच बसत होती. नवऱ्यानं टाकून दिलेली पोरगी दुकानात बसली म्हणून मोहल्ल्यानं आधी नाकं मुरडली, मग त्याच मोहल्ल्यानं घरच्या सुऱ्या पाठवल्या. नकली माल ती इमानानं घासत आली. आपण दुकानाची अब्रू राखतोय, असं तिला वाटायचं.

आणि अब्रू होतीच. पाटीवर लिहिलेलं होतं: 'नजीर कात्रीवाले. स्थापना १९२५. आमची कोठेही शाखा नाही.' नजीर म्हणजे मुस्तकीमचे चुलते, घरात त्यांना बडे दादा म्हणत. घरातली गोष्ट अशी की बडे दादांनी दुकान काढलं, फाळणीनंतर ते पाकिस्तानात निघून गेले आणि धाकट्या भावानं, म्हणजे मुस्तकीमच्या वडिलांनी, बशीरनं, एकट्यानं दुकान सांभाळलं. सोडून गेलेल्या भावाचं नाव पाटीवरून काढलंसुद्धा नाही. काय ते मन!

ही गोष्ट म्हणजे त्या घराची ढाल होती. कुणाशी गाडी लावण्यावरून वाजलं, निवडणुका आल्या, क्रिकेटची मॅच झाली, की कुणीतरी दात विचकून म्हणायचंच, "जा की पाकिस्तानात." मुस्तकीम तेव्हा आवाजही चढवायचे नाहीत. पाटीकडे बोट करून म्हणायचे, "आमच्यातला एक गेला. त्याचा रस्ता त्याला लखलाभ. आम्ही राहिलो. वाचा पाटी, आमची कोठेही शाखा नाही." समोरचा हसायचा, विषय मिटायचा. सुरय्याला बापाचा तेवढा अभिमान दुसऱ्या कशात वाटला नाही.

यंदा बाजारातल्या व्यापारी मंडळानं शंभर वर्षं झालेल्या दुकानांचा सत्कार काढला. मंडळाचा चिटणीस स्वराज, सुक्यामेव्याच्या दुकानातला, अर्ज घेऊन आला.

"चाचा, शाल, श्रीफळ, मानपत्र. रविवारी पालकमंत्री येणारेत. फक्त एक पुरावा लागंल, पंचवीस सालचा."

"पुरावा? पाटी आहे की."

"पाटी तुम्हीच रंगवलेली ना! गेल्या वर्षी ते वडापाववाले पण म्हणत होते, आम्ही पेशवाईपासून आहोत."

कागदपत्रं एकोणसत्तरच्या पुरात गेली होती. मुस्तकीमचं तोंड उतरलं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, आयुष्यात त्याच्या अंगावर कुणी शाल घातली नव्हती. त्याला ती शाल हवी होती आणि हे त्याला लपवता येत नव्हतं. जाताना स्वराज सहज म्हणाला, "ताई, जुन्या पेपरात जाहिरात सापडली तरी चालंल. गुरुवारपर्यंत आणा."

ते ऐकून मुस्तकीम एकदम म्हणाले, "जाऊ दे बेटा. नको ते सत्कार." सुरय्याला वाटलं, बाप मन मारतोय. तिथंच ती फसली.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात जाऊन बसली. नाशिकचं एक जुनं साप्ताहिक, कधीच बंद पडलेलं, त्याचे बांधीव खंड तिथं होते. ते सांभाळणारा ज्ञानेश पन्नाशीचा, तोंडानं फटकळ.

"जाहिराती बघायच्यात? छान. इथं येणाऱ्या प्रत्येकाला आपला आजोबा स्वातंत्र्यसैनिक निघालेला हवा असतो. तुमचाच पहिला कात्रीवाला."

"स्वातंत्र्यसैनिकांचे कपडे कुणीतरी कापलेच असतील ना?"

"घ्या! बसा. पानं हळू उलटा, पापड झालेत त्यांचे."

सव्वीस सालच्या खंडात, केसांच्या तेलाच्या आणि दमाच्या औषधाच्या मध्ये, ती सापडली. 'शिंपी बंधूंस खूषखबर! गेल्या सालापासून नाशकात सुरू. नजीर कात्रीवाले, भद्रकाली. कापड कापते, हात कापीत नाही. मालक जातीने हजर.' सुरय्या एकटीच मोठ्यानं हसली. काम झालं होतं. फोटो काढून उठायचं आणि घरी जायचं, एवढंच राहिलं होतं.

पण चटक लागते. ती पुढचे खंड मागत गेली आणि पानापानातून एक माणूस तिच्यासमोर काम करत उभा राहिला. एकतीस साली, 'डावखुऱ्या कारागिरांसाठी उलटी कात्री करून मिळेल.' अडतीस साली, 'द्राक्षबागाईतदारांसाठी छाटणीच्या कात्र्या, फांदी चिरडत नाही.' त्रेचाळीस साली, लढाईच्या धामधुमीत, 'पोलादाच्या टंचाईमुळे जुनी कानस आणून देणाऱ्यास त्याच कानशीची कात्री करून देऊ.' काय डोकं असेल! आजवर तिच्यासाठी बडे दादा म्हणजे एक पळून गेलेला माणूस होता. चार तासांत तो तिचा उस्ताद झाला. हातानं, पोटानं, मनानं एवढा इथं रुजलेला माणूस उठून गेला कसा, हा प्रश्न तिला पहिल्यांदा तिथं पडला.

उत्तर पन्नास सालच्या मार्चमध्ये छापलेलं होतं. चौकटीत.

'जाहीर नोटीस. आमचे वडील बंधू नजीर हे पाकिस्तानात निघून गेले असून भद्रकालीतील दुकानाशी त्यांचा संबंध राहिलेला नाही. त्यांच्या नावे कोणी व्यवहार करू नये. दुकान पूर्वीपासून माझे एकट्याचे आहे. बशीर कात्रीवाले.'

पूर्वीपासून माझे एकट्याचे? सुरय्यानं ओळ परत वाचली. असेल, तेव्हाची लिहायची पद्धत असेल. तिनं पान उलटलं. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या अंकात, तळाशी, बारीक अक्षरात:

'जाहीर खुलासा. मी नजीर, कात्रीवाला, हयात असून येथेच आहे. मी पाकिस्तानात गेलो नाही, जाणार नाही. सध्या देवळाली कॅम्प येथे बाजारात बसून काम करतो. माझा चांदाचा ठसा दुकानात अडकल्याने नवीन ठसा केला आहे. दोन टिंबे पाहूनच कात्री घ्यावी. आमची कोठेही शाखा नाही.'

ज्ञानेश चहा घेऊन आला तेव्हा ती आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत बसली होती. ठसा घासताना पातं ज्या अंगठ्यानं दाबून धरावं लागतं, त्या.

"काय हो? आजोबा निघाला का स्वातंत्र्यसैनिक?"

"चोर निघाला," ती म्हणाली. "पुढचे खंड द्या."

ज्ञानेशनं दिले.

तो माणूस वीस वर्षं जाहिरात देत राहिला होता. वर्षाला एक, कधी दोन. दोन ओळींची, तळाशी, सगळ्यात स्वस्त जागेत. बावन्न साली भद्रकालीच्या दुकानाची मोठी जाहिरात आली होती, तिच्याखाली बशीरनं छापलं होतं, 'आमची कोठेही शाखा नाही.' म्हणजे ते वाक्यसुद्धा उचललेलं! ज्या वाक्यावर तिचा बाप मान ताठ करायचा, ते त्यांच्याच विरुद्ध लिहिलेलं होतं. नक्कल करणारे चोर कोण, तर हेच.

सगळ्यात वाईट पासष्ट सालची होती. लढाई सुरू होती. 'देवळाली कॅम्पातील सर्व पलटणींच्या शिंप्यांस नम्रपणे कळविण्यात येते की मी १९२५ पासून नाशिक जिल्ह्यातच काम करीत आहे.' बास, एवढंच. कात्रीचा उल्लेख नाही, भाव नाही. सख्ख्या भावाच्या एका नोटिशीपायी म्हाताऱ्याला पंधरा वर्षांनीही पैसे खर्चून छापावं लागत होतं की बाबांनो, मी इथलाच. लोक आता फुकटात विचारतात हा प्रश्न. त्याला तो घरातूनच आला होता.

शेवटची एकाहत्तरच्या जानेवारीतली. 'दृष्टी अधू झाल्याने नवीन कात्री करणे बंद. फक्त धार.' त्यानंतर काही नाही.

दुसऱ्या दिवशी सुरय्या बस पकडून देवळाली कॅम्पात गेली. बाजारात लष्करी गणवेश शिवणारी चार दुकानं. तिसऱ्यात दीपक नावाचा सत्तरीला टेकलेला शिंपी खाकी कापडावर खडूनं रेघा मारत होता. त्याच्या हातापाशी जाड, काळी पडलेली कात्री होती, दोन टिंबांची. ठसा शाबूत.

"काका, ही कात्री कुणाची?"

"माझ्या बापाची. सावळीराम टेलर, तोफखान्याचे कपडे शिवायचा. नजीरचाचांची कात्री हाय ही, विकायची नाय." त्यानं ती जरा आपल्याकडे ओढली.

"नजीरचाचा कुठं बसायचे?"

"ते काय, त्या चिंचंखाली. आता तिथं मोबाईलवाला बसतो." दीपक चष्म्यावरून बघायला लागला. "लय गुणी माणूस. बायको वारलेली, पोरबाळ नाय. आमच्याच घरी जेवायचे. माझी आई म्हणायची, चाचा, तुमचं कुणी नाय का हो? तर म्हणायचे, भाऊ आहे, पण त्यानं मला लांब पाठवलंय."

"धार कुठं लावता हिला?"

"मीच लावतो, जमंल तशी. बाप मरताना सांगून गेला, उपाशी ऱ्हा पण ही कात्री धारेला भद्रकालीत नेऊ नको. तिथं ठसा खातात." मग त्यानं विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

सुरय्याला खोटं बोलता आलं असतं. ओठावर आलंही होतं, वडाळ्याची म्हणून.

"भद्रकालीची," ती म्हणाली. "मीच खाते."

दीपकनं कात्री उचलून गल्ल्याच्या खणात ठेवली आणि खण लावून घेतला. पाणी विचारलं नाही. कबरस्तान कुठं आहे तेवढं मात्र हातानं दाखवलं.

घरी मुस्तकीम इस्त्री केलेली शेरवाणी खुंटीला लावून तिच्याकडे बघत बसले होते. सुरय्यानं मोबाईलमधले फोटो त्यांच्यापुढं धरले, एकामागून एक. नोटिशीच्या फोटोवर त्यांनी डोळे मिटले.

"म्हणजे माहीत होतं."

"बेटा, जुन्या गोष्टी..."

"माहीत होतं का नव्हतं, अब्बा?"

"होतं. बडे दादा सासू-सासऱ्यांना कराचीच्या बोटीत बसवायला गेले होते मुंबईला. तीन आठवडे लागले. परत आले तर कुलूप बदललेलं. वडिलांनी तोवर नोटीस छापली होती."

"मग भांडले का नाहीत? कोर्ट होतं की!"

"कोर्टात उभं राहून काय सांगायचं, मी पाकिस्तानात गेलो नाही? त्या दिवसांत? आधी पोलीस विचारणार, मग शेजारी. वडिलांना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तेच लिहिलं. वारले असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी खोटं पडलं असतं."

हे बोलताना म्हाताऱ्याच्या आवाजात कुठंतरी बापाच्या हुशारीचं कौतुक होतं. अगदी थोडं, पण होतं. सुरय्याला ते ऐकू आलं.

"तुम्ही भेटलात कधी त्यांना?"

"मयतीला गेलो होतो. वडिलांना न सांगता. माती दिली. दुसऱ्या दिवशी दुकानात एक कात्री आली, दोन टिंबांची. वडील समोर बसलेले. मी घासली."

"तुमच्यासमोर बाप बसला होता. माझ्यासमोर कोण बसलं होतं? बशीरदादा मेल्यावर तरी थांबायचं होतं! मला कशाला शिकवलंत? नकली माल म्हणालात. चोराचा माल म्हणालात. माझ्या हातानं मी त्या माणसाला वीस वर्षं घासला, अब्बा, वर्षाला तीन-तीन, चार-चार वेळा!"

"सवय लागली होती. आणि... टिंबं दिसली की कुणीतरी विचारणार, ही कुणाची. एकदा विचारलं की सगळंच निघतं."

"आणि 'एक गेला, आम्ही राहिलो'? ते कशाला सांगत फिरलात गावभर?"

मुस्तकीम अगदी लहान आवाजात म्हणाले, "बेटा, रविवारपर्यंत गप राहा. शाल घेऊ दे. मग तुला काय करायचं ते कर."

ह्या माणसानं हे मागायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या, रडला असता, तरी तिला कदाचित दया आली असती. त्यानं शाल मागितली.

गुरुवारी तिनं सगळ्या जाहिरातींच्या प्रती काढल्या, ओळीनं लावल्या आणि स्वराजच्या दुकानात नेऊन दिल्या. त्यानं वाचल्या. काजूच्या बरणीचं झाकण हातात तसंच.

"ताई, वेडबिड लागलं का? ही पहिली एक द्या फक्त. सव्वीसची. काम फत्ते."

"घ्यायच्या तर सगळ्या घ्या. दुकान काढलं नजीरनी, ते शंभर वर्षांचं. आमचं पन्नास सालापासूनचं, चोरीचं."

"हे जर मंडळासमोर ठेवलं ना, तर वाद नको म्हणून नावच काढतील. पालकमंत्री येणारेत! आणि त्यात पाकिस्तान शब्द आहे, तोही दोनदा."

"मग काढा नाव."

"चाचांना काय सांगू?"

"त्यांना माहीत असतं सगळं. काही सांगावं लागत नाही."

तिथून ती एका दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर गेली. आतल्या मुलीनं, तेजस्विनी नाव होतं तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर, मजकूर मोठ्यानं वाचला.

"'जाहीर खुलासा. नजीर कात्रीवाले पाकिस्तानात गेले नव्हते. ते १९२५ पासून भद्रकालीत आणि १९५० ते १९७१ देवळाली कॅम्प येथे कात्र्या बनवत होते. त्यांच्याबद्दल आमच्या घराने छापलेली नोटीस खोटी होती. दोन टिंबांचा ठसा अस्सल आहे. आमच्या दुकानाने घासला असल्यास कात्री घेऊन यावे, ठसा पुन्हा मारून मिळेल. सुरय्या, भद्रकाली.' बापरे. मॅडम, हे कशात टाकू? श्रद्धांजलीत?"

"नको. तिथं फोटो लागतो, फोटो नाही आमच्याकडे."

"मग 'हरवले आहे'मध्ये?"

"हरवले नव्हते ते. पंधरा किलोमीटरवर बसले होते."

"मग राहिलं व्यवसाय. ते प्लंबर, पेस्ट कंट्रोल असतात त्यात."

"त्यातच टाका. धंद्याचा माणूस होता."

रविवारी सत्कार झाला. सहा दुकानांचा. मुस्तकीम शेरवाणी न घालता घरात पडून राहिले, भिंतीकडे तोंड करून. सुरय्यानं त्यांना वेळेवर चहा दिला, गोळ्या दिल्या. बोलली नाही. पाटीवरचं शाखेचं वाक्य तिनं आदल्या दिवशीच रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं होतं. ते पूर्ण गेलं नाही, पुसटसं वाचता येतं अजून.

जाहिरात येऊन दहा दिवस झाले तरी कुणी फिरकलं नाही. अकराव्या दिवशी दीपक आला. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली कात्री छातीशी धरून उंबऱ्यातच थांबला. आत मुस्तकीम खुर्चीत होते. कागदातून बाहेर आलेली जाड काळी मूठ त्यांनी ओळखली. मान खाली घातली.

"धार गेलीय," दीपक म्हणाला. "माझ्यानं आता निघत नाय."

"द्या. संध्याकाळपर्यंत होईल."

"थांबतो मी इथंच."

"काका, आणखी चार कात्र्या आहेत आधीच्या. दोन तास जातील. बसा तरी."

"उभाच ऱ्हातो. इथून नीट दिसतं."

"विश्वास नाही?"

"नाय."

"बरोबर आहे," सुरय्या म्हणाली. आधीच्या चारही कात्र्या तिनं बाजूला सारल्या, दिवा चाकाच्या जवळ ओढला, दीपकला ठसा दिसेल असं पातं फिरवून धरलं आणि मोटर सुरू केली.